वाघ व बिबट्या, झुंजीच्या पवित्र्यात

मला प्राण्यांतलं कळतं, ही अफवा मीच पसरवलेली आहे. आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी मंडळाच्या एका कार्यक्रमात ऐन वेळी गाणाऱ्या बाईंचा घसा बसला, आणि वेळ मारून न्यायला मी माझ्या ताडोब्याच्या सफारीचे फोटो दाखवले. चाळीस स्लाइड्स होत्या. एकीत वाघ होता. म्हणजे वाघाची शेपटी होती. उरलेल्या एकोणचाळीस स्लाइड्समधून तो नुकताच निघून गेला होता. पण मी पडलो नागपूरचा. वाघावर बोलायला आम्हाला वाघ लागत नाही. मी पाऊण तास बोललो. पंजाच्या ठशावरून नर-मादी कसे ओळखायचे तेही सांगितलं. ते मला जीपच्या ड्रायव्हरनं सांगितलं होतं आणि त्यातलं अर्धं माझ्या उलटं लक्षात राहिलं होतं. कोणीही हरकत घेतली नाही. परदेशात राहण्याचा हा एक मोठा फायदा आहे.

त्यामुळे गेल्या मार्चमध्ये काकूंचा फोन आला तेव्हा मला फारसं आश्चर्य वाटलं नाही.

"तुला प्राणी ओळखता येतात ना रे?"

"येतात की. काय शिरलंय बॅकयार्डमध्ये?"

"बॅकयार्डमध्ये नाही, बेसमेंटमध्ये आहेत. लोखंडाचे आहेत. शनिवारी ये, जेवायलाच ये."

काकू म्हणजे आमच्या टाउनमधल्या डॉक्टरांच्या मिसेस. डॉक्टर हाडांचे होते, मूळचे जुन्नरकडचे. आमच्या आधी कितीतरी वर्षं इथे आलेले. इथल्या मराठी लोकांच्या निम्म्या गुडघ्यांना त्यांचा हात लागलेला आहे. काकूंनी कम्युनिटी कॉलेजात गणित शिकवलं. त्यामुळे समोरच्याचं उत्तर चुकणार हे त्यांना तो तोंड उघडायच्या आत कळतं. डॉक्टर त्याआधीच्या ऑक्टोबरात गेले. तेव्हापासून काकू सगळ्यांशी पूर्वीसारख्याच वागत होत्या, आणि त्याचीच आम्हाला काळजी वाटत होती.

बेसमेंटमध्ये डॉक्टरांचं एक कपाट होतं. नकाशे ठेवायला असतं तसं, उथळ ड्रॉवर्सचं. काकूंनी पहिला ड्रॉवर ओढला. आत फेल्टवर तळहाताएवढ्या काळपट चकत्या ओळीनं मांडलेल्या. प्रत्येकीच्या मध्ये एक उभट भोक.

"ही जपानी तलवारींची," काकू म्हणाल्या. "मूठ आणि पातं यांच्या मध्ये बसते ना चकती, हात पात्यावर घसरू नये म्हणून, ती. त्सुबा म्हणतात. तलवार एकही नाही हं घरात. नुसत्या ह्या. पेनसिल्व्हेनियातल्या कुठल्याशा फ्ली मार्केटमध्ये ह्यांना पहिली मिळाली आणि मग वेडच लागलं."

मी एक उचलली. लोखंडात कोरलेला एक ससा, आजूबाजूला लाटा. एवढ्याशा जागेत सशाच्या कानातली शीरसुद्धा दिसत होती. तलवार चालवणारा माणूस हे कधी बघत असेल, असा प्रश्न मला पडला. बहुधा वाट बघताना.

काम असं होतं. डॉक्टरांनी सगळा संग्रह पेनसिल्व्हेनियातल्याच एका लहानशा म्युझियमला द्यायचं ठरवलं होतं. म्युझियमला यादी हवी होती: नंबर, धातू, आणि वर कोणता प्राणी आहे ते. डॉक्टर नेमके प्राण्यांचेच त्सुबा जमवायचे, फुलापानांचे घ्यायचे नाहीत. काही चकत्यांखाली त्यांच्या हातच्या चिठ्ठ्या होत्या. काही इंग्लिशमध्ये, काही मराठीत, सगळ्या डॉक्टरी अक्षरात. बऱ्याच चकत्यांखाली मात्र काहीच नव्हतं.

"एवढंच ना?" मी म्हणालो. "दोन शनिवारचं काम."

"एवढंच नाही," काकू म्हणाल्या, आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसल्या.

मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत सांगतो.

"मुलगी शाळेत होती तेव्हाची गोष्ट. मी चहा घेऊन खाली आले. हे इथेच बसलेले. एक चकती दिव्यापाशी धरून म्हणाले, बघ गं, यात आपण दोघं आहोत. मी बघितलंच नाही रे. मी म्हटलं, चहा गार होतोय. आणि वर गेले, मला पेपर तपासायचे होते. मग ते राहूनच गेलं. आता जायच्या आधी हॉस्पिटलमध्ये म्हणाले, सगळं देऊन टाक, आपली तेवढी ठेव. मी मान हलवली. माहीत असल्यासारखी. त्या वेळी कसं विचारणार, कुठली म्हणून? त्यांना वाटलं मला माहीत आहे. बरं वाटलं त्यांना. दिसलं मला ते."

हातातला ससा मी परत फेल्टवर ठेवला.

"म्हणून तुला बोलावलं," काकू म्हणाल्या. "माझी मला ती सापडली पाहिजे. बाकी खुशाल जाऊ दे."

तेव्हा माझ्यावर विश्वास टाकला गेला होता. वास्तविक त्याच क्षणी मी म्हणायला हवं होतं की काकू, माझ्या फोटोत फक्त शेपटी होती. पण वरून थालीपीठाचा वास येत होता आणि मी वही उघडली.

माझं पहिल्या दिवसाचं काम म्युझियमनं जपून ठेवलं असेल तर ते वेगळ्या कपाटात ठेवावं. लाटांवरच्या सशापुढे मी लिहिलं, "ससा, बुडताना." काकूंनी चष्म्यावरून बघितलं.

"बुडणाऱ्याचं तोंड असं असतं?"

मी परत बघितलं. ससा अगदी मजेत होता. मागून इंटरनेटवर पाहिलं तर जपानी ससे लाटांवरून धावतात, ती त्यांची जुनी सवय आहे. कुरळ्या केसांचा सिंह मी पूडल म्हणून नोंदवला. एका चकतीच्या कडेनं फर्नचं सुंदर पान वळसा घालून गेलं होतं. त्याची दाद देऊन झाल्यावर काकूंनी भिंग आणलं, आणि पानाला मिशा निघाल्या. गोम होती. डॉक्टरांची चिठ्ठी सापडली त्यावरही "गोम" असंच होतं, खाली रेघ ओढून. जणू त्यांना मी येणार हे माहीत होतं.

आमची पद्धत अशी ठरली: एकटा प्राणी असेल तर सरळ यादीत आणि बबल रॅपमध्ये. दोन असतील तर वर, डायनिंग टेबलावर. "दोघं" म्हटलंय म्हणजे जोडी असणार, हे गणित काकूंचं. संध्याकाळपर्यंत टेबलावर सात जोड्या जमल्या आणि आम्ही दोघं समोर खुर्च्या टाकून बसलो. मुली बघायला गेलेल्या मंडळींसारखे.

"करकोचे," मी सुरुवात केली.

"फार उंच आहेत. हे पाच फूट चार."

"माकडं?"

"तोंड सांभाळ."

"खेकडे आहेत. एकमेकांच्या नांग्या धरून."

"ते त्यांनी मुलीच्या लग्नाच्या वेळी म्हटलं असतं. तिच्या सासूला आणि मला. पुढे."

कासवं होती, मासे होते, दोन रानडुकरं होती जी मी न बोलता बाजूला सरकवली. राहिली बदकं. ही बदकं मला मनापासून पटली होती, कारण त्यांच्याबद्दल मी नुकतंच फोनवर वाचलं होतं. जपानी लोक या रंगीत बदकांच्या जोडीला सुखी संसाराचं चिन्ह मानतात. मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं, थोडंसं नाट्यपूर्ण.

काकूंनी चकती हातात घेतली. बराच वेळ बघितली.

"हे मला बदक म्हणाले असतील?"

"काकू, चिन्ह आहे ते."

"अरे, पण ह्यांना कधी चिन्हाबिन्हांतलं बोलताना ऐकलंयस तू? एक्स-रे बघून बोलणारा माणूस तो." मग त्यांनी चकती खाली ठेवली. "सिद्धता नाहीये काही."

"जपानमध्ये सगळे असंच मानतात म्हणजे..."

"बरं. पुढच्या शनिवारी उरलेले ड्रॉवर्स बघू. काही नाही निघालं तर ही."

आता पुढचा शनिवार. इथे मी जी माती खाल्ली, ती इतकी व्यवस्थित खाल्ली की आजही सांगताना दात कचकचतात.

काकू वर कोणाच्या तरी फोनवर होत्या. मी एकटाच खाली. शेवटून दुसऱ्या ड्रॉवरमध्ये एक जाडसर चकती निघाली. तिच्यावर डावीकडे एक पट्टेरी वाघ. खाऊनपिऊन सुखी, घरच्या बोक्यासारख्या गालांचा. त्याच्यासमोर, थोड्या उंच दगडावर, ठिपक्या-ठिपक्यांचा बिबट्या, जबडा उघडून. ठिपके सोन्याचे, बारीक, एकेक बसवलेले. खाली डॉक्टरांची मराठी चिठ्ठी: "वाघ, वाघीण."

मी हसलो. मोठ्यानं हसलो.

हे समजायला महाराष्ट्राचा थोडा भूगोल लागतो. जुन्नरकडे उसात बिबटे. तिकडे लोक बिबट्याला सरळ वाघच म्हणतात. "काल वाघ आला होता, कोंबडी घेऊन गेला," म्हणतात. आम्हा विदर्भातल्या लोकांच्या हे जिवाला लागतं. आमच्याकडे वाघ म्हणजे वाघ. कोंबडी नेणारा नाही. या विषयावर मंडळाच्या पिकनिकला डॉक्टरांशी माझा वाद झालेला होता, आणि तो त्यांनी "अरे, चावला की दोन्ही सारखेच लागतात, मी टाके घातलेत" असं म्हणून जिंकलेला होता. तेव्हापासून तो माझ्या मनात होता.

तर आता हा त्यांचा लेखी पुरावाच माझ्या हातात आला. मला वाटलं, बघा, इतकी वर्षं अमेरिकेत राहिला माणूस, पण ठिपके दिसले तरी वाघच! आणि मी, दिवंगत माणसाची अब्रू राखण्याच्या थोर हेतूनं, यादीत ठळक अक्षरात लिहिलं: "वाघ व बिबट्या, झुंजीच्या पवित्र्यात." वर इंग्लिशमध्येही लिहिलं. चिठ्ठी तशीच त्सुबासोबत पिशवीत घातली, कारण म्युझियमला मराठी कोण वाचणार, आणि चकती बबल रॅपमध्ये गुंडाळून खोक्यात.

ती वर टेबलावर न्यायची हे माझ्या डोक्यात आलंच नाही. दोन वेगळे प्राणी होते ना. जोडी कुठे होती?

काकूंनी वरून विचारलंसुद्धा, "निघाली का रे एखादी?"

"नाही हो काकू," मी ओरडून सांगितलं. "एक भांडण निघालंय."

मंगळवारी म्युझियमची गाडी आली आणि खोकी घेऊन गेली. बदकं राहिली.

काकूंनी बदकं किचनच्या खिडकीत, तुळशीच्या कुंडीशेजारी एका लाकडी स्टँडवर ठेवली. मी जाईन तेव्हा त्यांच्याकडे बघून "छान दिसतात, नाही?" म्हणायचो. त्या "छान आहेत" म्हणायच्या. पाहुण्यांनी आणलेल्या शोभेच्या वस्तूला म्हणतात तशा सुरात. एकदा मी पाहिलं तर बदकांचं तोंड खिडकीच्या बाहेर केलेलं होतं. मला वाटलं पुसताना फिरलं असेल.

पाचेक आठवडे गेले. मी घरून काम करत होतो, सकाळची टीम मीटिंग चालू होती, आणि बाजूला मेल उघडली. म्युझियमच्या क्युरेटरची होती. तरुण बाई, फार अदबशीर लिहायची. यादीबद्दल आभार. सशाबद्दल तिनं काही लिहिलं नव्हतं, हा तिचा मोठेपणा. फक्त एक शंका होती. या चकतीवर तुम्ही वाघ आणि बिबट्या यांची झुंज लिहिली आहे. पण जपानी कारागिरांनी त्या काळी दोन्ही प्राणी पाहिलेले नव्हते. त्यांच्यापर्यंत जहाजातून फक्त कातडी यायची, काही पट्ट्यांची, काही ठिपक्यांची. ठिपक्यांची कातडी ही मादीची, अशी त्यांची समजूत होती. म्हणून त्यांच्या चित्रांत वाघ आणि बिबट्या एकत्र असले की ते नवरा-बायको असतात. डॉक्टरांसारख्या जाणकाराला हे माहीत असणारच. सोबतच्या चिठ्ठीत दोन शब्द आहेत, दोन्हींची सुरुवात सारखीच दिसते. चिठ्ठीचा फोटो जोडला आहे, काय लिहिलंय ते कृपया कळवाल का?

"अरे देवा," मी म्हणालो. माइक चालू होता.

"इज दॅट अ ब्लॉकर?" मॅनेजरनं विचारलं, म्हणजे यानं काम अडलंय का.

मी म्हटलं, हो.

दुपारी जेवताना बायकोला सांगितलं. सांगता सांगता मी एक बाजूही तयार केली होती. म्हटलं, "आता काकूंना सांगून काय होणार? बदकांवर खूश आहेत त्या."

बायकोनं वाटी खाली ठेवली. "त्या खूश नाहीत. त्या सभ्य आहेत."

"पण मी खरं म्हणजे बरोबर होतो. तो बिबट्याच आहे. शास्त्रीयदृष्ट्या..."

"हे त्यांना सांग हां जाऊन. शास्त्रीयदृष्ट्या."

मी गेलो. काकूंचं घर गाडीनं सात मिनिटांवर. मी वीस मिनिटं घेतली. काकू भाजी निवडत होत्या. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. ड्रॉवर, चिठ्ठी, माझं हसणं, जुन्नर, पिकनिकचा वाद, सगळं. हसण्याचं गाळता आलं असतं, पण एकदा सुरू झालं की मला गाळता येत नाही.

काकूंनी शेंगा बाजूला सारल्या.

"त्यांनी लिहिलं होतं? मराठीत?"

"हो."

"आणि तू वाचलंस."

"हो."

"आणि तू ते सुधारलंस."

काकू रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्यांनी फक्त हात पुढे केला. मी फोन दिला. त्यांनी चिठ्ठीचा फोटो दोन बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला, इतका की स्क्रीनवर फक्त एका अक्षराची वेलांटी राहिली.

"अक्षर त्यांचंच आहे," त्या म्हणाल्या. मग फोन परत देत, "त्या मुलीला विचार, गुरुवारी आहे का म्हणून."

गुरुवारी मी सुट्टी टाकली. काकूंनी बदकं एका स्टीलच्या डब्यात, जुन्या कॉटनच्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून घेतली होती. डबा मांडीवर. म्युझियम दोन तासांवर. पहिला तास आम्ही बागेत काय लावायचं यावर बोललो. डेलावेअर नदीचा पूल ओलांडल्यावर काकू समोर बघतच म्हणाल्या,

"आणि तिथे जाऊन बघितलं, आणि मला काहीच वाटलं नाही तर?"

"असं कसं होईल?"

"होईल की. मला त्यातलं काही कळत नाही. त्यांना जे दिसलं ते मला दिसायलाच पाहिजे असं कुठे आहे? बदकांच्या वेळी मी रोज बघायचे. म्हटलं, दिसेल. आज नाही दिसलं, उद्या दिसेल. शेवटी त्यांना फिरवून ठेवलं बाहेर तोंड करून. म्हटलं, तुम्हीही बोअर झाला असाल."

मी ड्रायव्हिंगकडे लक्ष दिलं. म्हणजे दिल्यासारखं केलं. आमची एक्झिट मागे गेली होती. पुढच्या एक्झिटनं वळून आलो. काकू त्यावर काही बोलल्या नाहीत, यावरून त्यांचं लक्ष कुठे होतं ते कळलं.

क्युरेटर दारातच उभी होती. तिनं आम्हाला मागच्या एका खोलीत नेलं, टेबलावर राखाडी फोम, त्यावर दिवा. तिनं हातमोजे घालून चकती आणून ठेवली आणि मला हळूच म्हणाली, प्राण्यांबद्दल तुमचं बरोबर आहे, तो बिबट्याच आहे. त्सुबाबद्दल डॉक्टरांचं बरोबर आहे. इतक्या सौम्य शब्दांत मला आजवर कोणी मूर्ख म्हटलेलं नाही.

काकूंनी आधी चष्म्याशिवाय बघितलं. मग चष्मा लावून. मग चकती उचलली. क्युरेटर काही बोलायला गेली, थांबली. काकूंनी ती दिव्याखाली तिरकी धरली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो आणि तिथे काहीच होत नव्हतं. अर्धा मिनिट. एक मिनिट. आणलं मी यांना इथवर, आणि आता हेही गेलं.

मग त्यांचे खांदे हलू लागले. मला वाटलं रडताहेत. त्या हसत होत्या.

"झुंज?" त्या म्हणाल्या. "अरे गाढवा, झुंज कुठे दिसली तुला यात?"

"जबडा उघडलाय ना..."

"बोलतेय ती! नीट बघ. वर चढून बसलीय आणि बोलतेय. केव्हाची बोलतेय. आणि हा बघ. मान बघ याची. कान बघ मागे पाडलेले. हा ऐकतोय." त्यांनी चकती माझ्या नाकाशी आणली. "ऐकतही नाहीये. ऐकल्यासारखं करतोय. डोळे बघ कुठे आहेत."

मी बघितलं. वाघाचे डोळे बिबट्याकडे नव्हतेच. ते खालच्या कोपऱ्यात, तिथे काही नव्हतं, तिथे लागलेले होते. चेहऱ्यावर एका सुखी, काहीही कानात न शिरलेल्या प्राण्याचं समाधान. तो चेहरा मी डॉक्टरांच्या डायनिंग टेबलावर किती वेळा पाहिला होता. काकू प्रॉपर्टी टॅक्स, गटार, मुलीचा फोन यांवर बोलत असायच्या आणि डॉक्टर मान हलवत असायचे, नेमके चुकीच्या जागी.

"हेच," काकू म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून हेच चाललेलं. आणि मला दाखवायला गेले तेव्हा..." त्यांनी चष्मा काढला. "तेव्हासुद्धा मीच बोलत होते."

क्युरेटरनं डोळ्यांनी मला विचारलं. मी इंग्लिशमध्ये सांगितलं की हो, हीच. तिनं सुटकेचा निःश्वास टाकला आणि म्हणाली की ही अजून रजिस्टरमध्ये चढलेली नाही, पुढच्या महिन्यात समिती बसेल तेव्हा चढेल. त्यामुळे आज अदलाबदल करता येते, एक सही लागेल. काकूंनी डबा उघडला, साडीच्या तुकड्यातून बदकं काढून फोमवर ठेवली.

"टेल दि पीपल दे आर अ व्हेरी नाइस कपल," काकू तिला म्हणाल्या. "इट वॉज नॉट देअर फॉल्ट."

सही झाली. क्युरेटर त्या कागदाची प्रत काढायला बाहेर गेली. मला वाटलं आता त्या चकती गुंडाळतील. पण त्या तशाच बसून राहिल्या, अंगठा त्या ठिपक्यांवरून फिरवत, एकेका ठिपक्यावर थांबून. माझ्याकडे पाठ होती. मी भिंतीवरचा अग्निशामक यंत्राचा बोर्ड वाचायला लागलो, तीनदा वाचला.

"अहो," मागून आवाज आला.

मी वळणार होतो. मग लक्षात आलं, हाक मला नव्हती.

"बघितलं हं," काकू म्हणाल्या. आणि जरा वेळानं, नेहमीच्या आवाजात, "पण दगडावर चढवून बसवायची काही गरज नव्हती."

क्युरेटर दारात कागद घेऊन उभी होती. तिनं खुणेनंच विचारलं, काय म्हणाल्या? मी सांगायला तोंड उघडलं. आणि काय झालं कोणास ठाऊक, एकदा तरी शहाणपणा सुचला. मी बोटानं तिला थांबायला सांगितलं आणि आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो. खोलीतून काकूंचा आवाज येत राहिला. प्रॉपर्टी टॅक्सपासून सुरुवात झाली होती. आता लवकर संपणार नव्हतं.